शेजारच्या सीटची काच

काटेकाकांना हे नाव त्यांच्या नोकरीने दिलं. मालधक्क्याच्या फाटकापाशी ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता आणि त्याच्या शेजारच्या खोलीत काकांची उभी हयात गेली. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा, मधला फरक तो मालाचा. ऐकायला किती सोपं! पण माणसाची जात मोठी अवलादी. कोणी सीटखाली पाण्याने भरलेलं पिंप ठेवून यायचा आणि जाताना ते ओतून द्यायचा. कोणी वाळू भिजवून आणायचा. एकाने तर भरलेल्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली आपले दोन धष्टपुष्ट मेहुणे निजवून आणले होते. त्यातल्या एकाला शिंक आली म्हणून बरं, नाहीतर मेहुणे सिमेंटच्या भावाने गेले असते. तेव्हापासून काका काट्यावर आलेल्या ट्रकच्या टायरवर खडूची रेघ मारायचे. तोलून होईपर्यंत ट्रक इंचभर जरी हलला तरी रेघ चुगली करायची.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काका पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. नोकरीतून निवृत्त झाले, पण संशय काही निवृत्त झाला नाही. भाजीवाल्याच्या तराजूचं पारडं उचलून त्याच्या बुडाखाली बघायचे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की केमिस्टला विचारायचे, "ही नक्की माझ्याच आजाराची ना?" काकूंनी सकाळी चहा देताना जरा हसून बघितलं, तर कपाला हात लावण्याआधी विचारायचे, "काय पाहिजे?"

या माणसाचा डोळे मिटून विश्वास होता तो फक्त त्यांच्या गाडीवर. लेक पाळण्यात होती तेव्हा घेतलेली चार दारांची, सायीच्या रंगाची गाडी. आता त्या लेकीचा मुलगा शाळेत जातो, तरी गाडी पहिल्या चावीला सुरू होते. काका म्हणायचे, "हिच्यात लपवाछपवी नाही. हँडल फिरवलं की काच खाली येते, उलट फिरवलं की वर जाते. बटणाच्या मागे काय चाललंय ते कोण बघायला गेलंय?" शेजाऱ्याच्या नव्या गाडीची बटणवाली काच एकदा उघडीच अडकली होती आणि तो बिचारा भर पावसात सीटवर छत्री धरून बसला होता. ही गोष्ट काकांनी इतक्या वेळा आणि इतक्या चवीने सांगितली की शेवटी शेजाऱ्याने घर बदलायचा विचार बोलून दाखवला.

एकदा लेकीकडे जेवताना जावयाने विषय काढला. जावई मनाने सरळ, तोंडाने मोकळा. तो म्हणाला, "बाबा, हल्ली जुन्या गाड्यांनाही पॉवर विंडो बसवून मिळतात. हाताने हँडल घुमवत बसायला नको." आणि त्याच घासाला पुढे म्हणाला, "अशा गाड्यांचे शौकीन फिरत असतात. तुमची बघितली तर उभ्या उभ्या घेऊन जातील."

झालं. काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. "ऐकून ठेवा सगळे. माझ्या गाडीच्या काचेला ज्या दिवशी वायर लागेल, त्या दिवशी मी किल्ली खिळ्याला टांगीन. पुन्हा त्या गाडीत बसणार नाही. आणि विकायचं नाव तर माझ्या तिरडीपाशीसुद्धा काढायचं नाही."

काकू वाढत होत्या. त्यांनी डाव्या हातातलं भांडं हळूच टेबलावर टेकवलं आणि पुढचं उजव्या हाताने वाढलं. जावयाच्या शब्दांचं वजन करण्यात गढलेल्या काकांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

पण घरात काहीतरी शिजतंय, हे त्या उन्हाळ्यात त्यांना जाणवायला लागलं. काकू एकाएकी गोड बोलायला लागल्या. बरणीचं झाकण आणून पुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "याला तुमचाच हात लागतो बाई." इतक्या वर्षांत असं कौतुक नव्हतं! काका झाकण उघडून द्यायचे आणि मागून येणाऱ्या मागणीची वाट बघत बसायचे. मागणी काही यायची नाही, त्यामुळे संशय आणखी वाढायचा. काकूंचं शिवणाचं मशीनही तेव्हाच बंद झालं. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी त्यांनी आखूड केल्या होत्या. म्हणाल्या, "आता डोळे साथ देत नाहीत." गाडीत बसल्या तर भर उन्हातही आपल्या बाजूची काच बंदच ठेवायच्या. "धूळ येते," म्हणायच्या. घामाने कपाळ डबडबलेलं, पण काच बंद. पुढे पुढे तर गाडीतून यायलाच नको म्हणायला लागल्या. तुम्ही जाऊन या, मी आपली घरी बरी.

काकांनी मनाशी हिशेब मांडला. बायको गाडीपासून लांब चाललीय, जावई गिऱ्हाइकाच्या गोष्टी करतोय. म्हणजे हिचं मन त्यांनी वळवलंय.

तेवढ्यात काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवायला बंदी घातली. काकांनी गाडीवर कापड घातलं आणि जुन्या सवयीने मागच्या टायरवर, जमिनीच्या अगदी लगत, खडूची रेघ मारली. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगून मारली तर ती रेघ कसली?

आठवड्याभराने काळा चष्मा लावून, भिंतीला धरून खाली उतरले. वाकून बघितलं, तर रेघ टायरच्या वरच्या अंगाला पोचलेली.

गाडी हलली होती.

किल्ली घरातल्या खणात, काकूंना गाडी येत नाही. मग कोणी नेली? काका कापड उचलून आत शिरले आणि एका डोळ्याने तपास सुरू केला. शेजारच्या सीटखाली लाल वायरचं सोललेलं टरफल सापडलं. त्या बाजूच्या दाराचं आतलं पॅड बाकीच्या तिन्ही पॅडांपेक्षा स्वच्छ, कडेची एक क्लिप नवी कोरी. हँडल जिथल्या तिथे होतं. म्हणजे कोणीतरी पॅड उचकटून दाराचा गंज तपासला होता. एवढं तपासणारा माणूस कोण असतो? गिऱ्हाईक!

गाडी जाणार, आणि तीही आपण डोळ्याला पट्टी बांधून पडलेले असताना, घरच्याच माणसांच्या हातून. ट्रकवाल्यांनी फसवलं ते परके होते, त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं.

त्यांनी किल्ली खणातून काढून तांदळाच्या डब्यात लपवली. त्या दिवशी जावई डोळ्याची चौकशी करायला आला आणि सहज म्हणाला, "गाडी काय म्हणते, बाबा?"

"आहे तिथेच आहे," काका म्हणाले. "आणि तिथेच राहील."

जावई बावचळला. आणलेली फळं टेबलावर ठेवून, चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका डोळ्यात औषध घालून पडले होते. झोप लागली नव्हती, पण डोळे मिटलेले होते. काकू स्वयंपाकघरात फोनवर हलक्या आवाजात बोलत होत्या. "नाही, अजून काही कळलेलं नाही त्यांना. पण आवाज येतो हो थोडा. कमी नाही का करता येणार?... बरं, बरं. तुम्ही मात्र बोलू नका हं."

आता शंकेला जागाच उरली नाही. गिऱ्हाइकाला इंजिनाचा आवाज पसंत नाही!

काका उठले, चष्मा लावला आणि "पाय मोकळे करून येतो" म्हणून थेट मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. जुन्या गाड्यांची कामं करणारा हा मिस्त्री काकांची गाडी कित्येक वर्षं बघत होता. गाडी विकायची तर आधी त्यालाच दाखवणार. काकांना बघून मिस्त्रीने हातातला पाना उगाचच पुसायला घेतला. पाना स्वच्छच होता.

"काका! डोळा कसा आहे?"

"दिसायला लागलंय," काका म्हणाले. "बरंच."

बोलता बोलता त्यांनी फळीवर नजर टाकली. तिथे काच वरखाली करणारी लोखंडी मशीन पडली होती, दाराच्या पोटात असते ती. तिच्या एका पट्टीला तांब्याच्या तारेचे वेढे दिलेले होते. ते वेढे काकांनी स्वतःच्या हाताने, काकूंच्या कापड कापायच्या कात्रीने तार कापून दिले होते. त्या कात्रीपायी घरात दोन दिवस अबोला होता. विसरतील कसे?

"ही माझ्या गाडीची," काका म्हणाले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हणजे गाडी तुकड्यातुकड्यांनी चाललीय तर."

मिस्त्रीने कानाची पाळी धरली. "काका, शपथेवर सांगतो, गाडी तुमचीच आहे आणि तुमच्याकडेच राहणार. तिचं काही वाईट केलेलं नाही. यापुढचं विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला राहिला?"

मालधक्क्यावर काकांनी शपथा फार ऐकल्या होत्या. मेहुणेवाल्यानेसुद्धा आईची शपथ घेतली होती.

घरी आले. काकू शेजारणीकडे गेल्या होत्या. काकांनी डब्यात हात घालून किल्ली काढली, खाली गेले आणि कापड बाजूला केलं. आपल्या सीटवरून वाकून किल्ली एक घर फिरवली. गिऱ्हाइकाने पेट्रोल किती जाळलं ते बघायचं होतं. पेट्रोलचा काटा जिथल्या तिथे होता. मग गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या दाराने शेजारच्या सीटवर बसले. गाडी घेतल्यापासून त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. मशीन काढून नेली, मग काच धरून ठेवलीय कोणी, एवढाच प्रश्न होता.

त्यांनी हँडल धरून नेहमीसारखा जोर केला. हँडल फिरलं नाही. जरासं दबलं, आणि दाराच्या पोटात "घूंऽऽ" असा आवाज झाला. काच आपली आपण खाली निघाली.

काकांनी विंचवाला शिवल्यासारखा हात मागे घेतला. काच अर्ध्यावर थांबली. त्यांनी एका बोटाने हँडल दुसऱ्या बाजूला टेकवलं. काच घूं करत वर गेली. पुन्हा खाली. पुन्हा वर. हँडल तेच होतं, जुनं, झिजलेलं, पण ते आता हँडल राहिलं नव्हतं. आत मोटर होती आणि हे तिचं बटण होतं. डॅशबोर्डच्या खाली बघितलं, तर एक नवी वायर आणि तिच्यावर छोटा फ्यूज.

वायर! त्यांच्या गाडीत! काका असे संतापले की चष्मा काढून सीटवर आपटला. शपथ घेतली होती सगळ्यांच्या देखत, आणि घरच्यांनीच तिचा असा पाणउतारा केला. पण संतापाच्या भरातही डोक्यातला काटा हलायचा थांबेना. विकायची गाडी असती तर वायर लपवली कशाला असती? आणि चार दारं सोडून एकाच दाराला का? तेही याच दाराला?

त्यांनी दाराच्या कप्प्यात हात घातला. काकूंचा रुमाल निघाला. रुमालात गुंडाळलेला एक चेंडू. स्पंजाचा, मुठीत मावेल एवढा, दाबून दाबून एका बाजूने चपटा झालेला. असा चेंडू काकांनी हाडांच्या दवाखान्यात बघितला होता. ज्यांच्या बोटांतला जोर गेलाय त्यांना दाबायला देतात तो.

काका चेंडू हातात धरून बसून राहिले.

बरणीची झाकणं आठवली. बंद पडलेलं शिवणाचं मशीन आठवलं. डोळे नव्हेत, हात. टेबलावर हळूच टेकवलेलं भांडं, जे त्यांनी बघूनही बघितलं नव्हतं. आणि तो सगळा उन्हाळा, घामाने डबडबलेलं कपाळ, बंद काच. धूळ येते म्हणे! हिला हँडल फिरवता येत नव्हतं. आपण शेजारी बसून टायरमधल्या हवेची काळजी करत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसलीच ही गत. साऱ्या जगाची वजनं केली आणि शेजारच्या सीटवर काय चाललंय ते दिसलं नाही. काकांना स्वतःची लाज वाटली आणि ऑपरेशनचा डोळा, ज्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, तो भरून आला.

त्यांनी चेंडू रुमालात होता तसा गुंडाळला, कप्प्यात होता तसा ठेवला आणि कापड घातलं. किल्ली खणात ठेवली. घरात कोणाला एक अक्षर बोलले नाहीत. आपण जे बोलून बसलो होतो, त्यामुळेच हिला हे चोरून करावं लागलं, एवढं त्यांना कळलं होतं. किल्ली खिळ्याला टांगायचं मात्र ते सोयीस्करपणे विसरले. जावयाला फोन करून म्हणाले, "डोळा बरा झाला की तूच चालव एकदा गाडी." जावई इतका घाबरला की त्याने लेकीला विचारलं, "बाबांची तब्येत ठीक आहे ना?"

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि काका पुन्हा गाडी चालवायला लागले. काकू आपणहून बरोबर निघाल्या. दोन वळणं गेली आणि त्यांनी दाराच्या बाजूला शाल पसरली. मग शालीआड हात घालून खांदा असा गोल गोल फिरवायला लागल्या, की बघणाऱ्याला वाटावं, विहिरीतून पाणी काढतायत. काच खाली जायला लागली. आणि मोटरचं "घूं" ऐकू येणार तेवढ्यात काकांनी हॉर्नवर हात दाबला. भोंऽऽ!

काकू दचकल्या. "अहो, समोर कोणी नाही."

"कुत्रं होतं."

"मला नाही दिसलं."

"मला दिसलं. नवा डोळा आहे."

मग हे रोजचंच झालं. काकूंचा खांदा फिरला की काकांचा हॉर्न वाजायचा. आयुष्यात ज्यांनी विनाकारण हॉर्न वाजवला नाही, ते गृहस्थ मोकळ्या रस्त्यावर, कधी रिकाम्या मैदानाकडे बघून भोंगा वाजवत जायला लागले. गल्लीतले लोक म्हणायचे, ऑपरेशन बिघडलेलं दिसतंय. काकू काही म्हणायच्या नाहीत. पण अधूनमधून काकांकडे अशा रोखून बघायच्या, की काट्यावरच्या खोलीतून काकाच बघतायत असं वाटावं.

एका संध्याकाळी लेकीकडून परत येत होते. जाताना ऊन होतं म्हणून काकूंनी काच उघडली होती. आता गार वारा सुटला होता. काकूंनी शाल सावरली आणि खांदा फिरवायला लागल्या. काकांनी हॉर्न वाजवला. खांदा पुन्हा फिरला. हॉर्न पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा काका हॉर्नकडे हात नेणार, तेवढ्यात काकू खुदकन हसल्या.

"पुरे आता. काच हललीच नाहीये."

काकांचा हात तसाच राहिला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या कुत्र्यापासून."

काकांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून पलीकडच्या दाराशी आले, गुडघ्यावर बसले आणि डॅशबोर्डखाली हात घातला. जळका फ्यूज उपसून काढला. मग शर्टाच्या वरच्या खिशात दोन बोटं घालून नवा फ्यूज काढला आणि बसवला. खिशात आणखी दोन होते.

काकू बघत होत्या. "हे रोज खिशात घेऊन फिरता?"

"वायरवाली वस्तू. तिचा काय भरवसा?"

"आणि राग नाही आला?"

"आला तर. तू मला सांगितलं नाहीस, त्याचा आला."

"तुम्ही विचारलंत कधी?" काकू म्हणाल्या. चिडून नाही, साधंच. "रोज काही ना काही विचारता. कुठे गेली होतीस, कोणाचा फोन होता, हसतेस का. हे नाही विचारलंत."

काका रस्त्यावर गुडघा टेकूनच होते. बाजूने गाड्या जात होत्या. त्यांनी शालीखालचा डावा हात बाहेर घेतला. अंगठ्याच्या बुडाशी सांधा सुजून वर आला होता. तो त्यांनी दाबून बघितला नाही. नुसता दोन्ही तळव्यांत धरला.

"दुखतो का गं?"

"दुखतो," काकू म्हणाल्या. "रात्री जास्त."

काकांनी मान हलवली. त्यांना खात्रीसाठी उलटून काही विचारावंसं वाटलं नाही.